पामतेलाविरुद्धची लढाई नेमकी कशाविरुद्ध आहे?

नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस चक्रीवादळामुळे इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटावर मुसळधार पाऊस झाला. पुरात आणि दरडींखाली हजाराहून अधिक माणसं दगावली. पाणी ओसरू लागलं तसे नदीकाठी, वस्त्यांमध्ये आणि समुद्रकिनाऱ्यांवर लाकडाच्या ओंडक्यांचे ढीग दिसू लागले आणि लोक विचारू लागले, वरच्या डोंगरातलं जंगल कोणी तोडलं? लाकूडतोड, खाणी, कागदाच्या लगद्यासाठीच्या लागवडी, पामचे मळे, सगळ्यांकडे बोट दाखवलं गेलं. पुढच्याच महिन्यात युरोपियन युनियनने जंगल तोडून पिकवलेल्या मालाला बाजारबंदी करणारा आपला कायदा आणखी एका वर्षाने लांबणीवर टाकला. असं लांबणीवर टाकण्याची ही दुसरी वेळ.

या विषयाचं एक चित्र आपल्या डोक्यात बसलेलं असतं. जळणारं जंगल, त्यातला बेघर झालेला ओरांगउटान हा मोठा वानर आणि हातात ‘पामतेल नको’चा फलक धरलेला कार्यकर्ता. चित्र खोटं नाही. पण त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष, की पामतेल बंद केलं म्हणजे जंगल वाचेल, हा मात्र चुकीचा आहे. ग्रीनपीस किंवा डब्ल्यूडब्ल्यूएफसारख्या आंतरराष्ट्रीय पर्यावरण संस्थाही सरसकट बहिष्काराची मागणी करत नाहीत. मग त्या मागतात काय, त्यातलं त्यांना किती मिळालं आणि लढाई अडली कुठे, हे समजून घ्यायचं तर सुरुवात झाडापासून करायला हवी.

एवढं काय आहे या झाडात?

पामतेल देणारं झाड म्हणजे तेलताड, त्यालाच पाम म्हणतात. तो मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. १८४८ मध्ये डचांनी त्याची चार रोपं जावा बेटावर बोगोरच्या वनस्पती उद्यानात आणून लावली. पुढे आग्नेय आशियात जे मोठे मळे उभे राहिले, त्यांचं बियाणं बरंचसं या चार रोपांच्या वंशातलं. मलेशियात पहिली व्यापारी लागवड १९१७ ची. तरीही बरीच वर्षं एक अडचण होती. तिथे परागीकरण नीट होत नसे, मजुरांना फुलोऱ्यावर हाताने पराग टाकावे लागत. १९८१ मध्ये कॅमेरूनहून एक छोटा भुंगा आणून मळ्यांत सोडला आणि ते काम फुकटात होऊ लागलं. लागवड झपाट्याने पसरण्यामागे या भुंग्याचाही हात आहे.

लागवडीनंतर साधारण तिसऱ्या वर्षी झाड फळू लागतं आणि पंचवीसेक वर्षं फळत राहतं. दर दहा-पंधरा दिवसांनी लांब दांड्याला बांधलेल्या कोयत्याने घड उतरवायचा. एक घड दहा ते पंचवीस किलोंचा, त्यात हजारावर फळं दाटीने बसलेली. फळाच्या गरातून निघतं ते पामतेल, आतल्या बीमधून निघतं ते पाम कर्नल तेल. दोन्हींचे गुणधर्म वेगळे, उपयोगही वेगळे.

इथली एक गोष्ट पुढे फार कामी येणार आहे. उतरवलेला घड ठेवून चालत नाही. चोवीस तासांच्या आसपास तो गिरणीत वाफवला गेला नाही, तर तेल आंबूस होऊन त्याची प्रत घसरते. त्यामुळे गिरणी मळ्याजवळच लागते, आणि उलट बाजूने, जिथे गिरणी उभी राहते तिथे तिच्याभोवती लागवड वाढत जाते.

आता हिशेब बघा. एका हेक्टरमधून तेलताड वर्षाला साधारण तीन ते चार टन तेल देतो. सोयाबीन अर्ध्या टनाच्या आसपास, सूर्यफूल आणि मोहरीवर्गीय पिकं पाऊण टनाच्या आसपास. हे तेल साध्या तापमानाला अर्धवट घट्ट राहतं. त्यामुळे घातक ट्रान्स फॅट तयार करणारी प्रक्रिया न करताही त्यातून बिस्किटं, चॉकलेट, मार्गारिन बनवता येतं. साबण, शाम्पू, सौंदर्यप्रसाधनं यांच्या घटकांत तर ते अशा रासायनिक नावांनी येतं, की वेष्टन वाचून पत्ताही लागत नाही. त्यात गाड्यांचं इंधनही आलं. जगात दरवर्षी साडेसात ते आठ कोटी टन पामतेल तयार होतं आणि त्यातलं सुमारे ८५ टक्के इंडोनेशिया आणि मलेशिया या दोनच देशांतून येतं.

पण त्यासाठी जंगलच का तोडायचं?

ओसाड जमिनी पडून असताना घनदाट जंगल तोडण्याचा खटाटोप का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. उत्तर पैशात आहे, आणि जमिनीच्या कागदांत.

तेलताडाला विषुववृत्ताजवळची उष्ण, वर्षभर पाऊस असणारी हवा लागते. वर्षावनं नेमकी त्याच पट्ट्यात आहेत. ओसाड किंवा गवताळ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या जमिनीवर बहुतेकदा कोणी ना कोणी कसत असतं. ती घ्यायची तर शेकडो कुटुंबांशी बोलणी करावी लागतात. जंगल मात्र कागदावर सरकारचं. इंडोनेशियात सरकार हजारो हेक्टरांचा सलग पट्टा कंपनीला एका परवान्यावर वापरायला देऊ शकतं. वर तोडलेल्या झाडांचं लाकूड विकून लागवडीचा सुरुवातीचा खर्चही निघतो. त्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासींचं नाव त्या कागदावर कुठेच नसतं. मला विचाराल तर सगळ्या प्रश्नाची मुळी इथे आहे. झाड, तेल, कंपनी हे सगळं त्यानंतर येतं.

पीट म्हणजे काय आणि ते जळतं तेव्हा काय होतं?

सुमात्रा आणि बोर्निओच्या सखल भागांत दलदलीची जंगलं आहेत. तिथे गळून पडलेली पानं, फांद्या, खोडं पाण्यात बुडून राहतात आणि हवा न मिळाल्यामुळे पुरती कुजत नाहीत. हजारो वर्षं हा थर साठत गेला. काही ठिकाणी तो दहा मीटरहून खोल आहे. या थराला पीट म्हणतात. पृष्ठभागावरच्या जंगलापेक्षा कितीतरी जास्त कार्बन या काळ्या, ओल्या थरात दडलेला असतो.

तेलताडाला मुळाशी साचलेलं पाणी चालत नाही. म्हणून पीटवर लागवड करायची तर आधी चर आणि कालवे खणून पाणी काढून द्यावं लागतं. पाणी उतरलं की वरचा थर सुकतो, हवेशी संयोग होऊन कुजू लागतो आणि त्यातला कार्बन वायूच्या रूपाने बाहेर पडत राहतो. जमीनही दरवर्षी काही सेंटिमीटर खचत जाते. या सुकलेल्या थरावर ठिणगी पडली की आग जमिनीच्या पोटात शिरते. वरून विझली असं वाटतं आणि आठवड्याने ती दुसरीकडून डोकं काढते. अशी आग माणसांना पुरती विझवता येत नाही, पावसाची वाट बघावी लागते.

२०१५ मध्ये एल निनोमुळे, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापल्यामुळे, पाऊस लांबला आणि इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जमीन जळाली, त्यात पीटचा वाटा मोठा होता. जागतिक बँकेने नुकसानीचा अंदाज १६ अब्ज डॉलर काढला. त्या काळातल्या कित्येक दिवशी या आगींतून बाहेर पडणारा हरितगृह वायू संपूर्ण अमेरिकेच्या दैनंदिन उत्सर्जनाहून जास्त होता. सिंगापूर आणि मलेशियातल्या शाळा धुरामुळे बंद ठेवाव्या लागल्या. सगळ्या आगी पामवाल्यांनी लावल्या असं म्हणणं चुकीचं ठरेल. कागदाच्या लगद्यासाठीच्या लागवडी त्यात होत्या. नव्वदच्या दशकात बोर्निओच्या इंडोनेशियन भागात, मध्य कालीमंतानच्या दलदलीत दहा लाख हेक्टरांवर भात पिकवायचा म्हणून सरकारने हजारो किलोमीटर कालवे खणले होते. ती योजना फसली आणि सुकलेलं पीट तेवढं मागे राहिलं. तरीही पाणी काढून पीट सुकवण्याच्या उद्योगात पामचा हिस्सा मोठा आहे, आणि म्हणूनच चळवळीच्या मागण्यांत ‘पीटला हात लावायचा नाही’ ही मागणी जंगलाच्या बरोबरीने येते.

ताडही झाडच ना? हिरवळ तर राहतेच!

हा युक्तिवाद अगदी वरून झालेला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष प्राबोवो सुबिआन्तो यांनीच जाहीरपणे म्हटलं, की पाम लावल्याने जंगलतोड होते म्हणून घाबरायचं कशाला, पामही झाडच आहे आणि त्यालाही पानं आहेत.

वर्षावनात एका हेक्टरात शंभराहून जास्त जातींचे वृक्ष असू शकतात. मळ्यात एकच जात, एकाच वयाची, ठरावीक अंतरावर. २००८ च्या एका शास्त्रीय आढाव्यात आढळलं, की मूळ जंगलातल्या प्राणिजातींपैकी जेमतेम १५ टक्के जाती पामच्या मळ्यात सापडतात. ओरांगउटानची मादी सात-आठ वर्षांतून एकदा विते, म्हणून गेलेली संख्या लवकर भरून येत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १९९९ ते २०१५ या काळात एकट्या बोर्निओत सुमारे दीड लाख ओरांगउटान नाहीसे झाले. त्यातले अनेक तर जंगल शिल्लक असलेल्या भागांत शिकारीने आणि माणसांशी झालेल्या संघर्षात मेले. मळा जंगलाच्या कडेला येतो, त्याच्याबरोबर रस्ता येतो आणि रस्त्याबरोबर बंदूकही येते.

मग पामतेलावर बहिष्कार का नको?

वर दिलेला हेक्टरी उत्पादनाचा आकडा आठवा. जगातल्या वनस्पतिजन्य तेलातलं सुमारे ३५ टक्के तेल पाम देतो आणि तेही तेलबियांखालच्या एकूण जमिनीच्या दहा टक्क्यांहून कमी जागेत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, म्हणजे आययूसीएनने, २०१८ च्या अहवालात हिशेब मांडला, की तेवढंच तेल दुसऱ्या पिकांतून घ्यायचं तर नऊपटीपर्यंत जमीन लागू शकते. ती जमीन कुठून येणार? सोयाबीनच्या बाबतीत उत्तर माहीत आहे: ब्राझीलचा सेराडो हा सवाना प्रदेश आणि अमेझॉनची कड. त्याच अहवालाने हेही नोंदवलं, की पामच्या लागवडीने धोक्यात आलेल्या १९३ जातींना थेट फटका बसतो. ही दोन्ही विधानं एकाच अहवालातली आहेत आणि दोन्ही खरी आहेत.

बहिष्काराची दुसरी अडचण व्यवहाराची आहे. ज्या ग्राहकाला जंगलाची फिकीर आहे तोच बाजारातून उठून गेला, तर मागे राहणारा खरेदीदार फक्त भाव विचारतो. मग जंगल न तोडता पिकवणाऱ्या शेतकऱ्याला त्याच्या कष्टाचा जादा दाम देणारं कोणी उरत नाही. म्हणून चळवळीतल्या जाणत्या मंडळींची मागणी ‘तेल नको’ अशी नाही. जंगल तोडून, पीट सुकवून, लोकांना हुसकावून पिकवलेलं तेल नको, अशी ती आहे. मागणी लहान वाटते, पण ती राबवायची तर प्रत्येक थेंब कुठून आला हे कळायला हवं. आणि ते कळवून घेणं हेच गेल्या वीस वर्षांतलं खरं काम आहे.

चळवळीने नाडी कुठे पकडली?

पामतेलाचा व्यापार डमरूच्या आकाराचा आहे. एका टोकाला लाखो शेतकरी आणि हजारो मळे, दुसऱ्या टोकाला कोट्यवधी ग्राहक, आणि मधल्या बारीक कंबरेत शुद्धीकरण करणाऱ्या व तेल जहाजांवर चढवणाऱ्या मोजक्या कंपन्या. लाखो शेतकऱ्यांना पटवणं अशक्य, कोट्यवधी ग्राहकांना पटवणंही जवळपास अशक्य. कंबर मात्र मुठीत धरता येते.

तिच्यापर्यंत पोचायला कार्यकर्त्यांनी वाट निवडली ती नामांकित ब्रँडची. २००८ मध्ये ग्रीनपीसचे कार्यकर्ते ओरांगउटानचा वेश करून युनिलिव्हरच्या कार्यालयांवर चढले. मार्च २०१० मध्ये त्यांनी नेस्लेविरुद्ध एक मिनिटाची चित्रफीत काढली. कार्यालयात कंटाळलेला एक माणूस किटकॅटचा पुडा फोडतो, आत चॉकलेटऐवजी ओरांगउटानचं बोट निघतं, तो ते चावतो आणि रक्त कळफलकावर ठिबकतं. पाहवत नाही अशी फीत. नेस्लेने स्वामित्वहक्काचं कारण देऊन ती यूट्यूबवरून काढायला लावली. लोकांनी ती दसपट ठिकाणी चढवली आणि कंपनीच्या फेसबुक पानावर संतापाचा पूर आला. दोन महिन्यांत, मे २०१० मध्ये, नेस्लेने जंगलतोडीशी संबंध असलेले पुरवठादार वगळण्याचं धोरण जाहीर केलं.

यातला खरा परिणाम पुढे दिसला. नेस्ले आणि युनिलिव्हरने ज्या सिनार मास या इंडोनेशियन उद्योगसमूहाकडची खरेदी थांबवली होती, त्यातल्या गोल्डन अ‍ॅग्री-रिसोर्सेस या कंपनीने फेब्रुवारी २०११ मध्ये वनसंरक्षणाचं धोरण स्वीकारलं. डिसेंबर २०१३ मध्ये सिंगापूरच्या विल्मार कंपनीने तेच केलं. जागतिक पामतेल व्यापाराचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग तेव्हा एकट्या विल्मारच्या हातून जात होता. ‘ना जंगलतोड, ना पीटवर लागवड, ना शोषण’ ही त्रिसूत्री तिथून रूढ झाली, आणि ती कंपनीच्या स्वतःच्या मळ्यांबरोबरच तिला माल देणाऱ्या प्रत्येकाला लागू झाली. अमेरिकेतल्या दोन शाळकरी मुलींनी आपल्या गर्ल स्काउट संघटनेच्या कुकींमध्ये पामतेल आहे म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तोही याच काळात.

कागदावरचं धोरण खरं कशावरून मानायचं?

मानायचं नाही, तपासायचं. इथे ती घड चोवीस तासांत गिरणीत नेण्याची अट उपयोगी पडते. जगात पामतेलाच्या सुमारे दोन हजार गिरण्या आहेत. गिरणी कोणती हे कळलं, की तिचं फळ आसपासच्या काही डझन किलोमीटरांतलंच असणार हेही कळतं. कार्यकर्त्यांनी कंपन्यांकडे गिरण्यांच्या याद्या मागितल्या. २०१८ पासून युनिलिव्हर, नेस्ले यांसारख्या कंपन्यांनी त्या जाहीर करायला सुरुवात केली. ही यादी उपग्रहाच्या छायाचित्रांवर ठेवली, की कोणत्या गिरणीच्या परिघात जंगल कमी होतंय ते घरबसल्या दिसतं. ढगांतूनही पाहू शकणाऱ्या रडार उपग्रहांमुळे तर झाडं पडल्याचा इशारा काही दिवसांत मिळतो.

याआधीपासून एक प्रमाणपत्र होतं. २००४ मध्ये कंपन्या आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ यांनी मिळून स्थापन केलेल्या आरएसपीओ या शाश्वत पामतेलासाठीच्या मंचाचं. जगातलं सुमारे पाचव्या हिश्शाएवढं पामतेल आज त्याच्याखाली येतं. पण त्याचे प्रकार वेगवेगळे आहेत. काही प्रमाणित तेल पहिल्यापासून शेवटपर्यंत वेगळं ठेवलं जातं, तर एका प्रकारात प्रमाणित आणि अप्रमाणित तेल एकाच टाकीत मिसळतात आणि फक्त वजनाचा हिशेब जुळवतात. त्यामुळे शिक्का असलेल्या वस्तूत प्रत्यक्ष शिरलेलं तेल तोडलेल्या जंगलातलंही असू शकतं. लेखापरीक्षकाला पैसे ज्याची तपासणी करायची तीच कंपनी देते, हा दुसरा आक्षेप. आणि २०१८ पर्यंत या मंचाचे नियम सगळ्या प्रकारच्या जंगलांना संरक्षण देत नव्हते.

तरी हा मंच अगदीच कुचकामी नाही. २०१६ मध्ये पश्चिम कालीमंतानमधल्या तक्रारींवरून त्याने आयओआय या मोठ्या मलेशियन कंपनीचं प्रमाणपत्र निलंबित केलं. युनिलिव्हर, केलॉग, मार्स यांनी खरेदी थांबवली. कंपनीने आधी मंचावरच खटला भरला, मग महिन्याभरात तो मागे घेतला. कंबरेला हात घातला की काय होतं याचं हे उत्तम उदाहरण. फक्त तो हात कोणीतरी बाहेरून घालावा लागतो. प्रमाणपत्र आपोआप काही करत नाही.

आकडे काय सांगतात? उपग्रहाच्या नोंदींनुसार इंडोनेशियात औद्योगिक पामसाठी होणारी जंगलतोड २०१८ ते २०२२ या काळात वर्षाला सरासरी ३२ हजार हेक्टरांच्या आसपास होती. दहा वर्षांपूर्वीच्या कळसाच्या तुलनेत ही पाचव्या हिश्शाहूनही कमी. सगळं श्रेय चळवळीचं नाही. मधली काही वर्षं तेलाचे भाव पडलेले होते आणि सरकारनेही २०११ पासून मूळ जंगल व पीटवर नवे परवाने देणं थांबवलं होतं, २०१९ मध्ये ते कायमचं केलं. पण पुढे भाव चढले, तेव्हाही जंगलतोड जुन्या पातळीवर गेली नाही. पर्यावरणाच्या लढ्यांत इतकी स्पष्ट घट क्वचितच दिसते. २०२३ मध्ये आकडा पुन्हा थोडा वर गेला, हेही सांगायला हवं.

गरीब शेतकऱ्याच्या पोटावर पाय नाही का येत?

हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. इंडोनेशियातल्या पाम लागवडीपैकी सुमारे चाळीस टक्के क्षेत्र छोट्या शेतकऱ्यांकडे आहे. दोन-चार हेक्टर पामने अनेक कुटुंबांना पक्कं घर आणि मुलांचं शिक्षण दिलं. युरोपने स्वतःची जंगलं केव्हाच तोडली आणि आता आम्हाला शिकवतो, असं इंडोनेशिया आणि मलेशियाची सरकारं म्हणतात, त्यात तथ्य आहे. युरोपचा दोष आणखीही एक आहे. २००९ मध्ये हरित इंधनाच्या नावाखाली जैवडिझेलला उत्तेजन देऊन पामतेलाची मागणी त्यानेच वाढवली होती.

युरोपचा नवा कायदा सांगतो, की ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा माल विकता येणार नाही आणि माल कोणत्या तुकड्यावर पिकला त्याचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील. मोठ्या कंपनीला हे सोपं. ज्याच्या जमिनीचा कागदच धड नाही त्या शेतकऱ्याला ते अवघड, आणि कटकट नको म्हणून व्यापारी त्याचा माल घेणंच सोडून देईल ही भीती खरी आहे. यावर उत्तर कायदा रद्द करणं हे नाही. मोजणीचा आणि कागदपत्रांचा खर्च खरेदीदारांनी आणि सरकारांनी उचलणं हे आहे. छोट्या शेतकऱ्याचं हेक्टरी उत्पादन मोठ्या मळ्यांपेक्षा बरंच कमी असतं. चांगली रोपं आणि सल्ला मिळाला तर एक झाडही न तोडता तेल वाढू शकतं. आणि हेही विसरू नये, की छोट्या शेतकऱ्याचं नाव पुढे करून बोलणारे पुष्कळदा मोठ्या परवान्यांचे मालक असतात.

ज्या बाजारात कोणी विचारतच नाही, तिथे काय?

डमरूची युक्ती चालते ती खरेदीदाराला नावाची काळजी असते तोवर. आज पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार भारत आहे, वर्षाला साधारण ८० ते ९० लाख टन. चीनही मोठा गिऱ्हाईक. युरोपचा वाटा त्या मानाने घटत चालला आहे. या मोठ्या बाजारांत तेल कोणत्या जमिनीवरचं, हा प्रश्न आयात करताना सहसा विचारला जात नाही. भारतातला किंवा चीनमधला शुद्धीकरण कारखानदार गिरण्यांची यादी मागू लागला, तर त्याचं वजन युरोपच्या कायद्याहून कमी पडणार नाही.

तेल या नजरेतून निसटण्याची दुसरी वाट इंडोनेशियाच्या आतच आहे. तिथे डिझेलमध्ये पामतेल मिसळणं सक्तीचं आहे. २०२३ मध्ये हे प्रमाण ३५ टक्के होतं, २०२५ पासून ४० टक्के, आणि ते ५० वर न्यायचा सरकारचा इरादा आहे. देशातल्याच गाड्यांत जळणाऱ्या या तेलाला ना ब्रँड, ना वेष्टन, ना बाहेरचा ग्राहक. चित्रफीत काढून कोणाला लाजवायचं?

मग खरी झुंज कोण देतंय?

जे तिथे राहतात ते. आणि त्याची किंमतही तेच मोजतात.

सुमात्राच्या आचे प्रांतातलं लेउसर हे हत्ती, वाघ, गेंडा आणि ओरांगउटान एकाच जंगलात राहतात असं जगातलं एकमेव ठिकाण. तिथे रुडी पुत्रा या जीवशास्त्रज्ञाने गावकरी आणि पोलिसांना बरोबर घेऊन संरक्षित क्षेत्रात बेकायदा लावलेले पामचे मळे यांत्रिक करवतींनी कापून काढले, म्हणजे जंगलाला परत उगवायला जागा मिळावी. त्यांना २०१४ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. त्याच लेउसरच्या पश्चिम टोकाला त्रिपा नावाची पीटची दलदल आहे. २०११ मध्ये तिथल्या १,६०५ हेक्टरांचा परवाना एका कंपनीला दिला गेला. वाल्ही या पर्यावरण संघटनेने खटला लढवला आणि पुढच्या वर्षी परवाना रद्द झाला. पीट जाळल्याबद्दल २०१४ मध्ये न्यायालयाने कंपनीला ३६६ अब्ज रुपियांचा दंड ठोठावला, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. प्रत्यक्ष वसुलीसाठी मात्र पुढे वर्षानुवर्षं झगडावं लागलं.

इंडोनेशियाबाहेरही हेच. लायबेरियात वकील आल्फ्रेड ब्राउनेल यांनी गावांच्या बाजूने उभं राहून पामसाठीची मोठी जंगलतोड अडवली, धमक्यांमुळे त्यांना देश सोडावा लागला. ग्वाटेमालात २०१५ मध्ये पासिओन नदीत मैलोन्‌मैल मासे मरून तरंगले. पामतेलाच्या कारखान्याकडे बोट दाखवणाऱ्यांत रिगोबेर्टो लिमा चोक हे शिक्षक आघाडीवर होते. न्यायालयाने कारखान्याचं काम थांबवण्याचा आदेश दिला आणि दुसऱ्याच दिवशी, सप्टेंबर २०१५ मध्ये, भर दिवसा त्यांना गोळ्या घातल्या गेल्या.

आणि आता इंडोनेशियाच्या पूर्व टोकाचा पापुआ. इंडोनेशियात शिल्लक राहिलेलं सर्वांत मोठं सलग जंगल तिथे आहे. दक्षिण पापुआतल्या बोवेन दिगोएल जिल्ह्यात अवयू जमातीच्या वोरो कुळाच्या जंगलातले सुमारे ३६ हजार हेक्टर एका पाम कंपनीच्या प्रकल्पात गेले. कुळाचे प्रमुख हेंड्रिकस वोरो यांनी पर्यावरण परवान्याला आव्हान दिलं. मे २०२४ मध्ये अवयू लोक पारंपरिक वेशात जकार्ताला सर्वोच्च न्यायालयासमोर जाऊन उभे राहिले. ‘सगळ्यांचं लक्ष पापुआकडे’ ही हाक तेव्हा समाजमाध्यमांवर देशभर पसरली. त्याच वर्षी न्यायालयाने दावा फेटाळला. कारण दिलं ते दाखल करण्याची नव्वद दिवसांची मुदत उलटल्याचं. परवाना योग्य होता की नाही, या प्रश्नाला त्यामुळे हात लागलाच नाही.

इंडोनेशियाच्या घटना न्यायालयाने २०१३ मध्येच निकाल दिला आहे, की आदिवासींचं परंपरागत जंगल हे सरकारी जंगल नव्हे. पण ते आपलं आहे हे मान्य करून घ्यायचं तर आधी स्थानिक सरकारने त्या समाजाला रीतसर मान्यता द्यावी लागते, मग नकाशे, मग मंत्रालयाचा शिक्का. यात वर्षं जातात. कंपनीचा परवाना त्याआधी निघतो. म्हणून गावोगाव लोक जीपीएस घेऊन आपल्या हद्दी, नद्या, दफनभूमी, साबुदाण्याच्या ताडांची वनं नकाशावर आणत आहेत. आमान ही आदिवासी समाजांची देशव्यापी संघटना या मान्यतेची वाट सोपी करणाऱ्या कायद्याची मागणी करते आहे. त्याचं विधेयक दहा वर्षांहून अधिक काळ जकार्ताच्या संसदेत अडकलं आहे.